बुरशीतून शुगरची गोळी निघणार का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात ह्या पानावर मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की झाडांच्या पानात गुपचूप राहणाऱ्या बुरश्यांमधून रक्तातली साखर कमी करणारी संयुगं शोधायचं काम जगभर चाललंय. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की संपादक म्हणाले ह्या वेळी अख्खं पान ह्यालाच देऊन टाका. साहजिकच आहे म्हणा, घरोघरी ग्लुकोमीटर आलाय. आयसीएमआरची (म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मोठी पाहणी २०२३ साली छापून आली त्यात देशात साधारण १० कोटी १० लाख लोकांना डायबेटीस असल्याचा अंदाज दिलाय, आणि राज्यांमध्ये आपला शेजारी गोवा सगळ्यात वर, २६.४ टक्के. तर घेऊया प्रश्न. नावं कुणाचीच देत नाही, गाव तेवढं देते.

सातारा: ताई, पावावर बुरशी आली की आपण पाव फेकून देतो आणि तुम्ही म्हणता त्यातून शुगरचं औषध. आजच्या तारखेला मेडिकलमध्ये मिळणारं एक तरी औषध बुरशीतून आलंय का, का नुसतं संशोधनच चालू आहे?

आलंय की. ब्रोमोक्रिप्टीन. बऱ्याच बायकांनी हे नाव ऐकलं असेल कारण प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढलं की हीच गोळी देतात. ती येते अरगट नावाच्या बुरशीतून. युरोपात राय म्हणून एक धान्य असतं, त्याच्या कणसात दाण्याच्या जागी काळपट जांभळं, छोट्या शिंगासारखं काहीतरी वाढतं, तो अरगट. मध्ययुगात असल्या धान्याचा पाव खाऊन गावंच्या गावं आजारी पडायची, हातापायाची बोटं काळी पडून गळायची. पुढे स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीने ह्याच बुरशीतली अल्कलॉइडं वेगळी करून त्यावर भरपूर औषधं काढली, त्यातल्या अर्गोक्रिप्टीनला ब्रोमीनचा एक अणू जोडला की झालं ब्रोमोक्रिप्टीन.

आता ह्याचा शुगरशी संबंध कसा लागला ते मला फार आवडतं. अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत अल्बर्ट मायर आणि अँथनी सिंकोटा हे लोक प्राण्यापक्ष्यांच्या मोसमी बदलांवर काम करत होते. स्थलांतर करणारे पक्षी निघायच्या आधी चांगले जाडजूड होतात, काही प्राण्यांमध्ये त्या काळात शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, आणि मोसम पालटला की आपोआप सगळं ताळ्यावर येतं, कुणी गोळी देत नाही की पथ्य सांगत नाही. म्हणजे हे सगळं ठरवणारी कळ मेंदूत आहे, डोपामिन ह्या मेंदूतल्या रसायनाच्या रोजच्या चढउतारात, असा त्यांचा अंदाज. मग सकाळी उठल्यावर दोन तासांच्या आत, खाण्याबरोबर, कमी डोसात ब्रोमोक्रिप्टीन देऊन बघितलं तर माणसाचीही शुगर थोडी उतरली. २००९ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, टाइप २ डायबेटीससाठी त्याला मान्यता दिली, सायक्लोसेट नावाने.

पण थोडीच उतरली हं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा, साधारण अर्धा टक्का, त्याहून फार नाही, आणि मळमळ, चक्कर, एकदम उभं राहिलं की बीपी पडणं ही लटांबरं सोबत. त्यामुळे डॉक्टर नेहमीची मेटफॉर्मिनची गोळी सोडून आधी हे लिहून देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

आणि एक, यीस्ट पण बुरशीच आहे. नोव्हो नॉर्डिस्कचं मानवी इन्सुलिन बेकरीतल्या यीस्टच्या जातीत माणसाचा जीन घालून बनवतात, आपल्या बंगळुरूच्या बायोकॉनने २००४ साली इन्सुजेन आणलं ते पिकिया नावाच्या दुसऱ्या यीस्टमध्ये बनवलेलं. म्हणजे आज पोटाला इंजेक्शन टोचून घेणाऱ्यांपैकी पुष्कळ लोक बुरशीने बनवलेलंच इन्सुलिन घेतायत. फक्त ते संयुग बुरशीचं स्वतःचं नाही, आपण तिच्याकडून करून घेतलेलं.

सोलापूर: आमच्याकडे बाजरीवर अरगट येतो. तो वाळवून घेतला तर उपयोग होईल का? शेजारी म्हणतो विकला जातो.

अजिबात नको हो. बाजरीवरचा अरगट वेगळ्या जातीचा, त्यातली अल्कलॉइडं वेगळ्या गटातली, आणि असली बाजरी खाऊन उलट्या, चक्कर, गुंगी आल्याचे प्रकार आपल्या देशात होऊन गेलेत. औषधासाठी लागणारा अरगट मुद्दाम वाढवतात, त्यातून एकेक अल्कलॉइड शुद्ध करतात आणि मिलिग्रॅममध्ये मोजतात. तुम्ही कृषी विद्यापीठवाले सांगतात तेच करा, पेरणीच्या आधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घालून त्यात बियाणं सोडायचं, अरगटाचे तुकडे आणि हलकं बी वर तरंगतं ते काढून जाळून टाकायचं, खाली बसलेलं बी साध्या पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. आणि काढलेलं ते कोंबड्यांना टाकू नका.

डोंबिवली: मी केमिस्ट्रीचा निवृत्त प्राध्यापक. १९९९ च्या सुमारास पेपरात मोठी बातमी आली होती की आफ्रिकेतल्या एका बुरशीत इन्सुलिनसारखं काम करणारा पदार्थ सापडला, आता इंजेक्शन बंद. आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस हाच विषय होता. त्याचं पुढे काय झालं?

सर, तुमची आठवण अगदी बरोबर आहे, आणि ह्या विषयात काम करणारा प्रत्येक जण त्या पेपरपासूनच सुरुवात करतो. मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी इन्सुलिनच्या रिसेप्टरला, म्हणजे इन्सुलिन पेशीवर जिथे येऊन बसतं त्या प्रथिनाला, चालू करू शकेल असा छोटा रेणू शोधायला घेतला, ५० हजारांवर नमुने तपासले, त्यात कारखान्यात बनवलेली संयुगं होती आणि जीवजंतूंचे अर्कही. त्यातला एक अर्क लागला. काँगोमध्ये किन्शासाजवळ कुणीतरी एका झाडाची पानं गोळा केलेली, ते झाड कुठलं तेही ओळखलेलं नव्हतं, त्या पानातून निघालेली स्यूडोमॅसारिया नावाची बुरशी. तिच्यातलं संयुग म्हणजे डिमिथाइल-अ‍ॅस्टेरिक्विनोन बी१, मर्कच्या रजिस्टरात एल-७८३,२८१. 'सायन्स'मध्ये १९९९ साली छापून आलं.

ह्यात एवढं काय, तर इन्सुलिन हे प्रथिन आहे, गिळलं की पोटात त्याचं वरणाच्या डाळीसारखंच पचन होतं, म्हणून टोचून घ्यावं लागतं. हा रेणू छोटा, पचत नाही. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या अंगाने दारावरची बेल वाजवतं आणि मग आत हालचाल सुरू होते, तर हा पठ्ठ्या बेलच्या वाटेला न जाता थेट आत जाऊन रिसेप्टरचा आतला भाग, किनेज म्हणतात तो, चालू करतो असं त्यांनी दाखवलं. जनुकांतल्या दोषामुळे डायबेटीस होणाऱ्या दोन प्रकारच्या उंदरांना तोंडावाटे दिलं आणि साखर उतरली. शिवाय जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या रिसेप्टरला, म्हणजे वाढीच्या आयजीएफ-१ वाल्याला, तो फारसा हात लावत नव्हता. हे महत्त्वाचं, कारण तो चालू राहिला तर कॅन्सरची भीती.

मग अडलं कुठे? सर, तुम्हाला नावावरूनच कळलं असेल. क्विनोन. औषधं बनवणारे लोक क्विनोन दिसला की कपाळाला हात लावतात, कारण हा गट पेशीत इलेक्ट्रॉनची देवघेव करत बसतो, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार करतो, समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतो. आठवडाभर उंदराला देणं वेगळं, आणि पन्नाशीच्या माणसाला पुढची तीस वर्षं रोज देणं वेगळं. कॅन्सरच्या औषधात एवढा विषारीपणा खपवून घेतात, शुगरच्या औषधात नाही खपत. मर्कने त्याच्यासारखे दुसरे रेणू बनवून बघितले, पेपर आले, पण मेडिकलच्या कपाटापर्यंत काही आलं नाही. आणि २००८ च्या सुमारास मर्कने नैसर्गिक संयुगं शोधायचं कामच गुंडाळलं. प्रयोगशाळांमध्ये तो रेणू अजून वापरतात, इन्सुलिनचा रिसेप्टर नेमका कसा चालू होतो ते समजून घ्यायला.

ह्या सगळ्या विषयातली गोम इथेच आहे बघा. साखर कमी करणारा पदार्थ सापडणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. माणसाला धक्का न लावता, रोज, वर्षानुवर्षं कमी करणारा सापडणं दुर्मिळ आहे. खालची बरीचशी उत्तरं फिरून इथेच येणार आहेत, कंटाळू नका.

रत्नागिरी: डॉक्टरांनी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायला व्होग्लिबोज दिलंय. नेटवर वाचलं की हे पण बुरशीपासून बनतं. मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, चालेल का? आणि गॅस खूप होतो.

व्होग्लिबोजचं मूळ बुरशीत नाही, बॅक्टेरियात आहे. घोळ होतो कारण हे बॅक्टेरिया दिसायला बुरशीसारखेच, मातीत धागे सोडत वाढतात, पाऊस पडल्यावरचा मातीचा वास त्यांचाच. पूर्वी त्यांना बुरशीतच धरायचे. व्होग्लिबोज आलं स्ट्रेप्टोमायसिसच्या एका जातीतून, जपानच्या ताकेदा कंपनीने काढलं. त्याचा थोरला भाऊ आकारबोज, तो जर्मनीच्या बायर कंपनीचा, ॲक्टिनोप्लेन्स नावाच्या बॅक्टेरियातून. पेनिसिलिनशी ह्यांचं रासायनिक नातं काही नाही, तरी ॲलर्जी आहे हे डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा, ते कधीही चांगलं.

गॅस होणारच, कारण ही गोळी पिष्ट फोडणारं एन्झाइम लहान आतड्यात अडवते, मग न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जंतू त्यावर ताव मारतात. भात कमी केलात तर गॅसही कमी होईल. एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ह्या गोळीबरोबर दुसरी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि शुगर एकदम खाली जाऊन घाम, थरथर सुरू झाली तर साधी साखर, गूळ, पेढा देऊन लवकर फरक पडत नाही, कारण ती साखर फोडणारं एन्झाइमच अडवलेलं असतं. तेव्हा ग्लुकोजची पावडरच पाण्यात घालून द्यायची. एक डबा कायम घरात हवा.

सांगली: दर थोड्या दिवसांनी बातमी येते, अमुक बुरशीतलं संयुग आकारबोजपेक्षा शंभर पटीने प्रभावी. एवढं प्रभावी आहे तर कंपन्या का उचलत नाहीत? दडपून ठेवतात का?

कोणी दडपत नाही हो, आणि असं काही खरंच हाताला लागलं तर कंपन्या आधी पेटंटच्या रांगेत उभ्या राहतील. इथे थोडं आत शिरावं लागेल. मी स्वतः बरीच वर्षं औषध कंपनीच्या लॅबमध्ये ह्याच कामात होते त्यामुळे ह्यावर जरा जास्त बोलणार आहे.

ही चाचणी कशी करतात बघा. ९६ खळगे असलेली प्लास्टिकची प्लेट घेतात, प्रत्येक खळग्यात वर सांगितलेलं पिष्ट फोडणारं एन्झाइम, अल्फा-ग्लुकोसिडेज, आणि त्याला खायला एक कृत्रिम पदार्थ घालतात. एन्झाइमने तो पदार्थ फोडला की पाणी पिवळं होतं. मग एकेका खळग्यात बुरशीचा अर्क टाकायचा, जिथे पिवळं झालं नाही तिथे एन्झाइम अडलं, म्हणजे काहीतरी सापडलं. स्वस्त, सोपं, एका दुपारी शेकडो नमुने होतात, एमएस्सीच्या प्रोजेक्टला उत्तम.

गंमत अशी की त्यात वापरलेलं एन्झाइम बहुतेक वेळा बेकरीच्या यीस्टचं असतं, कारण ते तयार मिळतं आणि स्वस्त मिळतं. आणि आकारबोज यीस्टच्या एन्झाइमला जवळजवळ जुमानतच नाही, म्हणजे उलट म्हणायला हवं, यीस्टचं एन्झाइम आकारबोजला जुमानत नाही. माणसाच्या किंवा उंदराच्या आतड्यातल्या एन्झाइमची ठेवण वेगळी, तिथे आकारबोज जबरदस्त चालतं. म्हणजे जिथे आकारबोज मुळातच लंगडं आहे त्या मैदानात त्याला पळवायचं आणि म्हणायचं आमचा गडी शंभर पटीने पुढे. पेपरात लिहिलेलं खोटं नसतं, आकडे खरे असतात, पण त्या शंभर पटीला आतड्यात काडीचा अर्थ नाही. असे पेपर ढिगाने आहेत, आपल्याकडचेही आहेत.

शिवाय बुरशीचे अर्क स्वतःच पिवळे, तपकिरी, लाल असतात, त्यामुळे पिवळेपणा मोजणारं मशीन फसतं. काही संयुगं कुठल्याही एन्झाइमला चिकटून त्याचा गोळा करून टाकतात, ती प्रत्येक चाचणीत पास होतात आणि कशालाच उपयोगी नसतात. आणि खूपदा महिनोन्महिने खपून शुद्ध केलेलं संयुग निघतं तरी कुठलं, तर चाळीस वर्षांपूर्वी जपानमध्ये कुणीतरी वर्णन करून ठेवलेलं. म्हणून हल्ली अर्क लागला की आधी मास स्पेक्ट्रोमीटरवर वजनं बघून जुनी मंडळी गाळून टाकतात, मग पुढचं काम.

तेव्हा बातमी वाचताना एवढंच बघा, एन्झाइम कुणाचं होतं, प्राण्याला दिलं का, माणसाला दिलं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक बातम्यांत नाहीच असतं.

नाशिक: सोसायटीतल्या एक वहिनी रेशी मशरूमच्या कॅप्सूल विकतात, गॅनोडर्मा. म्हणतात तीन महिन्यात शुगरच्या गोळ्या सुटतात. यजमानांनी महागाची बाटली आणली आहे.

बाटली आणलीच आहे तर डॉक्टरांना दाखवा, पण गोळ्या सोडू देऊ नका. गॅनोडर्मा म्हणजे झाडाच्या बुंध्याला लाकडी फळीसारखं, वरून वार्निश मारल्यागत चकचकीत येतं ते, आपल्याकडेही जुन्या झाडांना दिसतं. चीन-जपानमध्ये शेकडो वर्षं औषधी मानलं जातं. त्यातल्या पॉलिसॅकराइड आणि ट्रायटर्पिनॉइड संयुगांनी उंदरांमध्ये साखर कमी झाल्याचे पेपर आहेत, नाही असं नाही. पण माणसांवरच्या नीट केलेल्या ट्रायल गोळा करून कॉक्रेन नावाच्या संस्थेने २०१५ साली आढावा घेतला, तिला कुठलाही माल विकायचा नसतो. त्यात टाइप २ च्या लोकांमध्ये एचबीए१सीवर काही फायदा दिसला नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तर ह्या कॅप्सूल नकोच.

वहिनींशी भांडू नका, सोसायटीत राहायचंय. पण तीन महिन्यात गोळ्या सुटतात असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, आधीचा आणि नंतरचा एचबीए१सीचा रिपोर्ट, एकाच लॅबचा, दाखवाल का.

बॉस्टन: मी इथे बायोटेकमध्ये आहे. फ्युमाजिलिनबद्दल लिहाल का? भारतातल्या वाचकांना ती गोष्ट माहीत नसावी.

लिहिते ना, गोष्ट तुमच्याच गावची आहे. फ्युमाजिलिन हे अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस बुरशीचं संयुग, १९४९ पासून माहीत असलेलं, मधमाश्यांच्या एका आजारावर वापरायचे. ऐंशीच्या दशकात बॉस्टनला ज्युडा फोकमन यांच्या लॅबमध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवत असताना एका प्लेटमध्ये बुरशी शिरली. डोनाल्ड इंगबर यांनी ती प्लेट फेकली नाही, बघितलं तर बुरशीच्या आसपासच्या पेशींची वाढ थांबलेली. फ्लेमिंगच्या पेनिसिलिनचीच तऱ्हा. त्यातून कॅन्सरला रक्तपुरवठा तोडायचं औषध काढायला निघाले, आणि होता होता लक्षात आलं की ह्या गटातली संयुगं दिली की जाड उंदीर बारीक होतात. मग वजनासाठी बेलोरानिब आलं, झॅफजेन कंपनीचं. वजन खरोखर उतरत होतं, पण ट्रायलमधल्या रुग्णांमध्ये रक्ताच्या गुठळ्या आढळल्या, दोन जण दगावले, आणि २०१६ साली कंपनीने ते बंद केलं. नंतर त्यांनीच टाइप २ डायबेटीससाठी धाकटं भावंड आणलं, साखर उतरतेय असे आकडे आले, तरी एफडीएने जुन्या अनुभवामुळे २०१८ मध्ये अमेरिकेतली ट्रायल रोखली.

एवढा लांबचा पल्ला गाठूनही मेडिकलपर्यंत न पोचलेला दुसरा बुरशीचा रेणू मला तरी आठवत नाही.

सावंतवाडी: पावसात आमच्याकडे रानातली अळंबी येतात. डायबेटीसवाल्याने खावीत का? शुगर कमी होते म्हणतात.

ओळखीची, वारुळाजवळची, तुमच्या घरात पिढ्यानपिढ्या खाल्ली जाणारी असतील आणि आणणारा माणूस जाणता असेल तर खुशाल खा. अळंब्यांत पिष्ट कमी, फायबर बऱ्यापैकी, भाताचा एक मूद कमी करून त्या जागी अळंब्यांची भाजी वाढलीत तर जेवणानंतरची शुगर कमी येईल, पण ती भात कमी झाल्याने. ढिंगरी किंवा बटण मशरूमचंही तेच. मसाल्यात खोबरं किती घालता त्यावरही लक्ष असू द्या, कोकणातली आहे म्हणून सांगते.

अनोळखी मात्र नको, एकही नको. अमानिटा गटातल्या काही विषारी अळंब्यांनी शुगर खरोखर धडाधड खाली येते. कारण त्या यकृत मारतात, आणि उपाशीपोटी रक्तात साखर सोडायचं काम यकृताचं. शिजवून विष जात नाही, आणि उलट्या-जुलाब सुरू व्हायलाच सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात, मधे एक दिवस बरं वाटतं आणि मग कावीळ. खाल्ल्यावर बऱ्याच तासांनी त्रास सुरू झाला तर घरी थांबू नका, उरलेली अळंबी पिशवीत घालून सरळ मोठ्या हॉस्पिटलात.

ठाणे: कोलेस्टेरॉलची गोळी बुरशीतून आली म्हणतात, आणि तिनेच शुगर वाढते म्हणतात. काय खरं?

दोन्ही खरं. कोलेस्टेरॉलच्या ह्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. पहिलं स्टॅटिन अकिरा एन्डो यांनी जपानमध्ये हजारो बुरश्या तपासून पेनिसिलियमच्या एका जातीतून काढलं, बाजारात आलेलं पहिलं लोव्हास्टॅटिन अ‍ॅस्परजिलस टेरियसमधून. तुम्ही घेता ते ॲटोर्व्हा किंवा रोसुव्हा कारखान्यात बनतं. शुगर किंचित वाढू शकते, २०१२ पासून अमेरिकेत लेबलवरही तसं लिहितात. हार्ट अटॅक टळण्याचा फायदा त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे, म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

कोल्हापूर: ताई, मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. मला पानातल्या बुरश्यांवर प्रोजेक्ट करायचाय, शुगरवर काम करणारं काही सापडतं का बघायचंय. गाइड म्हणतात कर. सुरुवात कशी करू?

कर, नक्की कर. वरचं सगळं वाचून हिरमुसू नकोस. निरोगी दिसणाऱ्या पानाच्या आत राहणाऱ्या ह्या बुरश्यांना एंडोफाइट म्हणतात हे तुला माहीत असेलच, झाडाला दिसेल असा त्रास न देता राहतात आणि तऱ्हेतऱ्हेची संयुगं बनवतात, काँगोवाली पण पानातच होती.

पान तोडलंस की शक्यतो त्याच दिवशी लाव. वाहत्या पाण्याखाली धू, मग ७० टक्के अल्कोहोल मिनिटभर, मग सोडियम हायपोक्लोराइट दोनतीन मिनिटं, पान नाजूक असेल तर कमी, मग निर्जंतुक पाण्याने दोनतीनदा. शेवटच्या धुण्याचं पाणी पण एका प्लेटवर पसर, त्यावर काही उगवलं तर तुझी बुरशी पानाच्या आतली नाही, वरची धूळ आहे, आणि परीक्षक पहिलं हेच विचारणार. मग पानाचे बारीक तुकडे करून पीडीएवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या बटाट्याच्या आगारवर, ठेव, बॅक्टेरिया येऊ नयेत म्हणून त्यात अँटिबायोटिक घाल. पहिल्या तीन दिवसात भसाभस वाढणाऱ्या त्याच त्या चारपाच जाती येतात, लगेच प्लेटा फेकू नकोस, तीनचार आठवडे ठेव, सावकाश येणाऱ्या बुरश्याच बहुतेक वेळा मजेशीर निघतात. एकच बुरशी सूपमध्ये, म्हणजे पातळ माध्यमात, एक संयुग बनवते आणि शिजवलेल्या तांदळावर वाढवली तर भलतंच काहीतरी, तेव्हा दोन्हीवर वाढवून बघ, तांदूळ कॉलेजच्या बजेटात बसतो.

चाचणीला यीस्टचं एन्झाइम प्राथमिक गाळणीपुरतं वापर, पण जे लागेल ते उंदराच्या आतड्याच्या पावडरवर परत कर, ती विकत मिळते, आणि दोन्हीकडे आकारबोज सोबत लाव. अर्काचा स्वतःचा रंग वजा करायला वेगळा ब्लँक, म्हणजे एन्झाइम न घातलेला नमुना, हवाच. नाव पक्कं करायला डीएनएचा आयटीएस भाग वाचून घे, आणि काही वेगळं वाटलं तर पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, तिथे ओळख पटवूनही देतात आणि कल्चर जमाही करता येतं. राखीव जंगलातून पानं आणायची तर वनखात्याची परवानगी लागेल, म्हणून पहिलं वर्ष कॉलेजच्या आवारातल्या झाडांवरच काढ. परदेशातल्या कुणी कल्चर मागितलं तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय पाठवायचं नाही, कितीही गोड मेल आला तरी.

आणि काही लागलं तर ती बुरशी नुसती प्लेटवरून प्लेटवर नेत बसू नकोस. अशी वर्षभर नेली की बऱ्याच एंडोफाइट हळूहळू ते संयुग बनवायचंच सोडतात, अर्क लागेनासा होतो आणि माणसाला वाटतं आपला हात बिघडला. पहिल्याच आठवड्यात ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवून दे. तुमच्याकडे तसा फ्रीझर नसेल तर छोट्या बाटलीत निर्जंतुक पाणी भरून त्यात आगारचे बुरशी आलेले तुकडे टाकायचे आणि घट्ट बूच लावायचं, ही जुनी पद्धत आहे पण चालते. बाटलीवर तारीख पेन्सिलीने लिही, पेनाची शाई अल्कोहोलने पुसली जाते.